चिटबॉय, सुपरवायझर आणि आपण मालक



गेल्या हंगामात फर्दापूर गटात एका सभासदांचा ऊस तुटायला उशीर झाला. तोडणीचा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लागणीच्या नोंदीवरून ठरतो. चिटबॉयच्या हाती फक्त तोडचिठ्ठी पोचवणे. पण राग निघाला तो त्या पोरावर. चारचौघांत, टोळीच्या मुकादमासमोर, नको ते बोलणे झाले. पोरगा गप्प राहिला. संध्याकाळी वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, उद्यापासून दुसरा माणूस बघा."

त्याला कसे थांबवले ते सांगत बसत नाही. सांगायचे ते वेगळेच. हेच सभासद दिवाळीत मला सांगत होते, की वाळूजला कंपनीत लागलेला आपला मुलगा कंटाळलाय. पगार बरा आहे, पण चूक कोणाचीही असो, सुपरवायझरची बोलणी यालाच. "माणूस समजत नाहीत हो," म्हणताना त्यांचा गळा दाटून आला होता.

कंपनीचा मालक दूर कुठे तरी बसतो. आपल्या कारखान्याचा मालक कोण? ज्याच्या पेटीत शेअरचे सर्टिफिकेट आहे तो. संचालक मंडळही तुम्हीच निवडून देता. म्हणजे या चिटबॉयचे मॅनेजमेंट तुम्हीच की!

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्याला लोखंडी नांगरामुळे आणि उसाच्या चरकामुळे ठाऊक आहे. तेही एके काळी नोकरच होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असता बढतीची पाळी त्यांची आली आणि जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियनला. त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. तिथे नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी घेईनात. पहिला विकायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि साप यांचेच तिथे राज्य. तरी पंचवीस कामगार बायकामुलांसह राहायला गेले. नुसत्या पगारासाठी असल्या माळावर कोण बिऱ्हाड नेतो? त्या किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता, आणि रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे ठेवली होती. आपण खताच्या गोडाऊनची किल्ली रोजंदारीवाल्याला देताना दोनदा विचार करतो.

आमच्यात सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत, हेही लिहिले पाहिजे. काट्यावर उर्मट बोलणारा आहे, नोंद घ्यायला चार खेपा मारायला लावणाराही आहे. त्याची तक्रार जरूर करा, लेखी करा. पण गाळप संपले की हंगामी कामगार रिटेन्शनवर, म्हणजे पगाराच्या काही हिश्श्यावर, पुढच्या हंगामाची वाट पाहत घरी बसतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच भावकीतला असतो.

फेब्रुवारीत सुरू उसाच्या नोंदी निघाल्या. त्या सभासदांनी निरोप धाडून त्याच पोराला बोलावले. क्षेत्र मोजताना टेपचे दुसरे टोक स्वतः धरून बांधाबांधाने फिरले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. चहा मात्र झाला.