आडनाव नसलेला पूर्वज

आपल्या नावात मधले नाव वडिलांचे आणि शेवटचे घराण्याचे. अठराव्या शतकातल्या डॅनिश शेतकऱ्याला हे शेवटचे नाव नव्हतेच. हान्सचा मुलगा पेडर, म्हणून तो पेडर हान्सेन. थोरल्या मुलाला आजोबांचे नाव द्यायची रीत, म्हणून त्याचा मुलगा हान्स पेडरसेन आणि नातू पुन्हा पेडर हान्सेन. हान्सची मुलगी हान्सडॅटर. लग्नानंतरही ती हेच नाव लावी. कायम आडनावाचा आग्रह राज्याने धरला तो 1828 मध्ये. तोवर एकाच पंचक्रोशीत दोन-तीन पेडर हान्सेन सहज सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे ठरवण्यातच संशोधकाची वर्षे जातात.

शोध सुरू होतो चर्चच्या नोंदवहीपासून. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवा, असा हुकूम 1645-46 मध्ये निघाला. या वह्या आज डेन्मार्कच्या राष्ट्रीय दफ्तरखान्याने इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत. पण अक्षर जुने गॉथिक; मोडी शिकताना लागते तेवढीच चिकाटी इथेही लागते. तारखेच्या जागी अनेकदा ‘त्रैक्यानंतरचा तिसरा रविवार’ एवढेच असते. त्रैक्याचा सण ईस्टरवरून ठरतो; मग त्या वर्षीचा ईस्टर शोधून दिवस काढायचा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडील असतात, साक्षीला आलेले धर्ममाता-धर्मपिते असतात. आईचे नाव मात्र पुष्कळदा नसते.

मुलगा मोठा होतो तशा नोंदी वाढतात. 1733 च्या ‘स्ताउन्सबोन’ कायद्याने शेतकरी पुरुषांना जन्मगावच्या जमीनदारीशी बांधून टाकले. जमीनदाराला स्वस्त मजूर हवे होते, राजाला सैनिक. सुरुवातीला ही सक्ती 14 ते 36 वयाच्या पुरुषांवर होती. 1764 मध्ये ती चार वर्षांच्या पोरापर्यंत खाली आली. 20 जून 1788 ला ती उठवण्याचा निर्णय झाला, आणि लष्करभरतीच्या याद्या राज्याने हाती घेतल्या. त्यांत वडिलांचे नाव, जन्मगाव, उंची आणि माणूस कुठून कुठे गेला, हे सापडते. त्याआधी, 1 जुलै 1787 ला, सबंध राज्याची नावानिशी जनगणना झाली होती. घरातल्या प्रत्येकाचे वय आणि नाते तिच्यात आहे. लग्न पहिले की दुसरे, हेही आहे.

सर्वांत बोलके कागद मात्र मृत्यूनंतरचे. वारसांची वाटणी करताना घरातली वस्तू न् वस्तू मोजली जाई: तांब्याची किटली, पिसांची गादी, गाय, नांगर, आणि प्रत्येकाची किंमत. पुढे देण्याचे आकडे. शेवटी वारस: कोण कुठे राहतो, कोण अज्ञान, त्याचा पालक कोण. खंडाने शेती करणाऱ्याची ही वाटणी बहुधा जमीनदाराच्याच दफ्तरात मिळते. तीन पेडर हान्सेनांपैकी आपला कोणता, हा गुंता सुटतो तोही बहुतेक इथेच, मुलांच्या यादीवरून.

या माणसांचे चरित्र लिहायला कुणी बसले नव्हते. धर्मगुरूला हुकूम होता, सैन्याला माणसे हवी होती, जमीनदाराला खंड. तरी त्यांच्या गरजेपोटी उमटलेल्या ओळी जोडत गेले की एक संसार उभा राहतो. बायको आधी गेली असेल, तर वाटणीचा कागद तिच्या नावाने सुरू होतो. मुलांच्या बाप्तिस्म्यात जिला जागा मिळाली नव्हती, तिचे पूर्ण नाव तिथे पहिल्या ओळीत असते. संशोधकाने तिथे थांबावे आणि वंशावळीत तिचे नाव लिहावे.