रुग्णालयात भेटणारे गुडघे

'सोरायसिसच्या शंभर रुग्णांपैकी अमुक इतक्यांचे गुडघे दुखतात' अशा धर्तीच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. अभ्यास एका रुग्णालयात झाला, हे त्यात शेवटी कुठेतरी लिहिलेले असते. आपली नजर आकड्यावर जाते, त्या ओळीवर जात नाही. आम्हाला विचाराल तर ती ओळ आधी वाचायला हवी.

सोरायसिस हा त्वचेचा वर्षानुवर्षे चालणारा, पण स्पर्शाने न पसरणारा विकार. कोपर, गुडघे, डोके अशा ठिकाणी चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी खपल्या धरतात. पुस्तकातल्या चित्रांत चट्टे लाल असतात. सावळ्या कातडीवर ते जांभळट-तपकिरी दिसतात. काही रुग्णांच्या सांध्यांनाही दाह होतो, म्हणजे त्वचा आणि सांधे यांचा संबंध खरा आहे. प्रश्न आहे तो किती, हा. आणि नेमके हे 'किती' रुग्णालयात मोजले तर फसायला होते.

कसे, ते एका काल्पनिक गावात पाहू. वस्ती १०,०००. त्यांपैकी २०० जणांना सोरायसिस आणि १,००० जणांना गुडघेदुखी आहे. मुद्दाम असे धरू, की या दोहोंचा काहीही संबंध नाही. मग सोरायसिसच्या २०० जणांतही गुडघे दुखणारे १० टक्के, म्हणजे २० जणच असतील. आता यांपैकी कोणत्याही एका तक्रारीसाठी माणूस रुग्णालयात जाण्याची शक्यता दहात एक धरू. नुसता सोरायसिस असलेले १८० जण. त्यांतले १८ येतील. दोन्ही तक्रारी असलेल्या २० जणांना मात्र यायला दोन कारणे आहेत. दोन्ही कारणे टळून घरी राहण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१. म्हणजे १९ टक्के, सुमारे ४ जण येतील. डॉक्टरांना सोरायसिसचे २२ रुग्ण भेटले आणि त्यांतल्या चौघांचे गुडघे दुखत होते. झाले १८ टक्के! गावात हेच प्रमाण १० टक्के होते. कोणी लबाडी केली नाही, मोजण्यात चूक नाही; तरी नसलेला संबंध दिसू लागला. (चिठ्ठ्या टाकून हा प्रयोग वर्गात करता येतो. मुलांना तो आवडतो.)

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधले वैद्य व संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ साली ही गोष्ट गणिताने दाखवून दिली. त्यांचे उदाहरण मधुमेह आणि पित्ताशयाच्या दाहाचे होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत येणाऱ्या मुलांवरून सगळ्या शाळेची कल्पना करू नये, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

गुडघ्याच्या चित्रांत आणखी एक अडचण असते. क्ष-किरणांना हाड दिसते, हाडांच्या टोकांवरची कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधल्या फटीवरून ती किती झिजली याचा अंदाज करावा लागतो. रुग्णाला झोपवून चित्र घेतले तर गुडघ्यावर भार नसतो आणि झिजलेल्या सांध्यातही फट रुंद दिसू शकते. उभे करून घेतले की खरी फट कळते. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली झिजेला ० ते ४ अशा पायऱ्या दिल्या. त्या आजही वापरतात, पण काठावरच्या चित्राला एक डॉक्टर १ देतो, दुसरा २. उत्तरपत्रिका एकच, परीक्षक दोन!

बरे, चित्र अगदी स्वच्छ असले तरी त्यात दिसणारा दोष म्हणजेच दुखण्याचे कारण, असे थोडेच आहे? अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही माणसे रुग्णालयातली नव्हती, गावातून निवडलेली होती. गुडघ्यातली अर्धचंद्राकृती गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात कसलाही त्रास झालेला नव्हता. रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरांना हे ६१ टक्के भेटणार कसे? त्यांना भेटतात ते दुखणारे. चित्रात फाटलेली गादी दिसते, आणि मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

म्हणून रुग्णालयातले अभ्यास टाकून द्यायचे का? मुळीच नाही. प्रश्न बदलला तर तेच अभ्यास भक्कम ठरतात. २००२ साली ह्यूस्टन येथील १८० गुडघेदुखीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुणे किंवा साफ करणे याचा उपयोग होतो का, हे पाहायचे होते. कोणाला खरी शस्त्रक्रिया आणि कोणाला नुसते कातडीला छेद, हे यदृच्छेने ठरवले. दोन वर्षांपर्यंत खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेवाल्यांपेक्षा काही बरे निघाले नाहीत. इथे सगळेच रुग्णालयात आलेले होते. तुलना त्यांच्या आपसांतली होती. त्यामुळे बर्कसन यांचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप मात्र लागू पडत होता. ते रुग्णालय माजी सैनिकांचे, त्यामुळे रुग्ण बहुतेक पुरुष. शिवाय गादी फाटलेली पण सांधा न झिजलेला, अशा रुग्णांचे काय, हेही त्यातून कळत नव्हते. फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांनी १४६ स्त्री-पुरुषांवर अशीच लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली. २०१३ साली उत्तर आले, ते तेच होते.