काविळीचा पाला आणि गुळवेलीचा काढा

पावसाळा लागला की महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत एखाद्या घरापुढे सकाळीच माणसं जमलेली दिसतात. त्या घरात काविळीचं औषध मिळतं. ठरलेला वार, उपाशी पोट, वाटलेला पाला दुधातून किंवा ताकातून, वर कडक पथ्य आणि पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक. देणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते, तो पिढीजात सेवा म्हणून हे करत असतो. घेणाऱ्यांतले बहुतेक जण बरेही होतात. या औषधांबद्दलचे समज इतके पक्के आहेत ते त्यामुळेच. शहरातली सुशिक्षित घरंही यातून सुटलेली नाहीत. तिथे पाल्याच्या जागी कॅप्सूल आणि काढे आलेत, एवढंच. पोटात गेलेल्या पाल्याला, काढ्याला आणि कॅप्सूललाही यकृतातून जावं लागतं, म्हणून या लेखात यकृताबद्दल जास्त बोललो आहे.

“काविळीवर डॉक्टरांकडे औषधच नाही”

कावीळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. ते वाढण्याची कारणं मात्र अनेक आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात दिसणारी बरीचशी कावीळ हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं की ते पसरतात. या दोन्हींत बहुतेक रुग्णांचं शरीर स्वतःच विषाणूचा निकाल लावतं आणि काही आठवड्यांत कावीळ उतरते. म्हणून डॉक्टर विश्रांती घ्या, नीट जेवा, पाणी प्या आणि रक्त पुन्हा तपासू या, असं सांगतात. रुग्णाला वाटतं, यांच्याकडे काही नाही. तो पाला घेतो, पंधरा-वीस दिवसांत डोळे पांढरे होतात आणि श्रेय पाल्याला जातं. पाला घेतला नसता तरी बहुतेकदा हेच झालं असतं.

प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्याच पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यातही डोळे पिवळे होतात, पण त्याला वेळेवर अँटिबायोटिक लागतं. पित्तनलिकेत खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने वाट दाबली तरी कावीळ होते. अंगाला खाज आणि पांढुरकी शौच ही तिची खूण. तिथे पाल्यात घालवलेला महिना परत मिळत नाही. हिपॅटायटिस बी ताब्यात ठेवणारी औषधं आहेत, लसही आहे. हिपॅटायटिस सी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. तेव्हा “औषधच नाही” हे सरसकट खरं नाही.

दोघांच्या बाबतीत तर पाल्यासाठी एक दिवसही थांबू नये. एक गर्भवती. शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जातं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरं नवजात बाळ. त्याची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा साधा उपचार वेळेवर मिळाला तर ती टळते.

काही ठिकाणी हात चुन्याच्या पाण्यात धुऊन कावीळ “उतरवतात”. पाणी पिवळंधमक होतं आणि बघणाऱ्याची खात्री पटते. बिलिरुबिन असं हातातून पाण्यात उतरत नाही. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याच्या पाण्यात पिवळा होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग धडधाकट माणसाच्या हातांवर करून दाखवत आले आहेत.

पथ्याचंही तसंच. हळद पिवळी म्हणून बंद, तेल-तूप बंद, आठवडेच्या आठवडे फुटाणे आणि उसाचा रस. हळदीच्या रंगाचा काविळीशी काही संबंध नाही. आजारी यकृताला पुरेसं अन्न हवं असतं. माणूस उपाशी राहिला तर अशक्तपणा वाढतो. गाड्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. ज्या वाटेने कावीळ आली, तीच वाट आपण पथ्य म्हणून पुन्हा धरतो, हे मला फार खटकतं.

मग या पाल्यांत काहीच नाही का? शास्त्रज्ञांनी ते तपासून पाहिलं आहे. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये भुईआवळीचा अभ्यास छापला. हिपॅटायटिस बीचा विषाणू बाळगणाऱ्या 37 जणांना भुईआवळी दिली, त्यातल्या 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. दिखाऊ गोळी घेतलेल्या 23 जणांत असं एकाच्याच बाबतीत घडलं. जगभर आशा पालवली. मात्र नंतर इतरांनी तेच प्रयोग केले तेव्हा असा परिणाम पुन्हा हाती आला नाही. पहिल्या अभ्यासाचं कात्रण आजही जाहिरातींत फिरतं, पुढची गोष्ट कोणी छापत नाही.

“झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात”

सर्पगंधेची हकिगत इथे सांगायला हवी, कारण ती मुंबईत घडली. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचं मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचं लक्ष या झुडपाकडे वळलं. 1952 साली त्यातून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं. वकिलांना 1957 साली लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या परंपरेतली वनस्पती खरोखर गुणकारी ठरली, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच रिसर्पिनने रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरल्याच्या, नाक चोंदल्याच्या, काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्याही नोंदी झाल्या. जी वनस्पती शरीरात काही घडवते, ती नको तेही घडवू शकते. परिणाम हवा पण दुष्परिणाम नको, अशी सोय निसर्गात नाही.

दुधी भोपळा तर औषधही नव्हे, भाजी. त्याचा रस मधुमेहाला, हृदयाला चांगला म्हणून रोज सकाळी पिणारे पुष्कळ आहेत. एखादा दुधी कडू निघतो, कारण त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढलेली असतात. “औषध आहे, कडू असायचंच” म्हणून माणूस तो घोट गिळतो. मग उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब कोसळणं. यातून मृत्यू झाले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. या विषावर उतारा नाही. तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागला तर सगळा रस टाकून द्यावा.

आता गुळवेल. कोरोनाच्या साथीत ती घराघरांत पोहोचली. कुंपणावरची, लिंबावर चढलेली वेल तोडून लोक महिनोन्‌महिने काढा प्यायले. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती आणि ती स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर चाल केल्यासारखी दिसत होती. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अभ्यास छापला. वेल थांबवल्यावर आणि उपचारांनी बरेच जण सावरले, काही दगावले. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अभ्यासावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, हे त्यात सिद्ध झालेलं नाही. तिच्यासारखी दिसणारी दुसरी एक जात अपायकारक आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं.

आक्षेप बिनबुडाचा नाही. पण तो मान्य केला तर घरच्या काढ्याची बाजू आणखी कमकुवत होते. वैद्यांना आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना वेल नीट ओळखावी लागत असेल, तर कुंपणावरून तोडणाऱ्याने ती कशाच्या भरवशावर ओळखायची? लाखोंनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरंच. अपाय विरळा आहे. तो कोणाला होईल हे आधी कळत नाही. ज्यांना आधीच थायरॉइडचा किंवा सांध्यांचा ऑटोइम्यून आजार आहे, त्यांनी प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही मनाने घेऊ नये, एवढं नक्की सांगता येतं.

“स्वयंपाकघरातलीच वस्तू आहे”

हळद आपण रोज खातो, म्हणून हळदीची कॅप्सूल सुरक्षित, असा हिशेब मांडला जातो. तो आकड्यांनीच करून पाहू. साध्या हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद त्याहून बरीच जास्त कुर्क्युमिनसाठी नावाजलेली. 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये 95 टक्के अर्क असेल तर एका गोळीत 15 ग्रॅमहून जास्त हळदीतलं कुर्क्युमिन आलं. चार माणसांच्या आमटीतही कोणी एवढी हळद घालत नाही. शिवाय कुर्क्युमिन आतड्यांतून फारसं शोषलं जात नाही, म्हणून गोळीत मिऱ्यांतलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं होतं की पायपरिनमुळे माणसाच्या रक्तातलं कुर्क्युमिन सुमारे 20 पट वाढतं. त्यानंतर इटलीत, अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. आमटीतल्या हळदीने असं झाल्याचं ऐकिवात नाही. पायपरिन इतर काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, हे गोळी लिहून देताना क्वचितच सांगितलं जातं.

ज्येष्ठमधाचा तुकडा खोकल्यात चघळला तर बिघडत नाही. तोच रोज, आठवडेच्या आठवडे घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. इसबगोल बद्धकोष्ठावर खरोखर उपयोगी, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. पण भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि थायरॉइडच्या किंवा इतर गोळ्यांपासून काही तासांचं अंतर ठेवावं. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून तर ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. गुण नाकारायचं कारणच नाही.

बाळगुटीबद्दल एकच सांगतो. वेखंड, जायफळ, अतिविष यांचे सहाणेवर किती वेढे उगाळले, यावर तान्ह्या बाळाला मिळणारी मात्रा ठरते आणि ती दोन हातांची कधी सारखी नसते. जायफळाने बाळ झोपतं ते त्यातल्या द्रव्यांच्या अमलामुळे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. त्यातून बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.

“हजारो वर्षं चालत आलंय”

जुन्या वैद्यांना हे धोके आपल्यापेक्षा जास्त माहीत होते. बचनाग, कुचला, बिब्बा ही द्रव्यं शोधन केल्याशिवाय वापरायची नाहीत, असा शास्त्राचाच नियम. कच्चा बिब्बा अंगावर उततो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. परंपरेचा हवाला देताना हा सावधपणा मात्र गाळला जातो.

धातूंच्या भस्मांत ही अडचण सर्वांत गंभीर. अमेरिकेत 2008 साली इंटरनेटवर विकली जाणारी 193 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. काही भारतात बनलेली होती, काही अमेरिकेतच. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाने 2011-12 मध्ये सहा गर्भवतींना भारतातून आलेल्या अशा औषधांमुळे शिशाची बाधा झाल्याचं नोंदवलं. परदेशातल्या लेकी-सुनांना इथून औषधांचे डबे पाठवणाऱ्या घरांनी हे वाचावं.

वनस्पतीची अदलाबदल किती महाग पडते हे बेल्जियममध्ये दिसलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या एका वजन उतरवण्याच्या केंद्रात एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती वापरली गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे कित्येकांना मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले.

आणि गुडघेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या. दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा भरला, तर पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. अशी भेसळ वारंवार पकडली गेली आहे. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

“परवाना आहे म्हणजे तपासलेलं आहे”

ग्रंथोक्त पाठानुसार बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी नव्या रुग्णचाचण्या कराव्या लागत नाहीत. म्हणजे परवाना क्रमांक कारखान्याबद्दल सांगतो, तुमचा आजार बरा होण्याबद्दल नव्हे. तरीही क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत नसलेली बाटली घेऊच नये. मधुमेह, कॅन्सर पूर्ण बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. ती करणाऱ्यावर आपण बाकीच्या बाबतीतही विश्वास ठेवू नये.

राहिला डॉक्टरांना न सांगण्याचा प्रश्न. पुष्कळ रुग्ण लपवतात ते रागावतील म्हणून, आणि काही डॉक्टर खरंच रागावतात. ही चूक डॉक्टरांची आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसणाच्या किंवा हळदीच्या अर्काने रक्तस्राव वाढू शकतो, मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याच्या रसाने साखर फार उतरू शकते. शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी हे पूरक पदार्थ थांबवावेत असं भूलतज्ज्ञ सांगतात, ते त्यासाठीच. नोंदणीकृत वैद्यांकडे गेलात तर त्यांनाही ॲलोपॅथीच्या गोळ्यांची यादी दाखवा.

कुठलाही काढा किंवा गोळी चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर ते थांबवून यकृताच्या तपासणीसाठी रक्त द्यावं. झोप अनावर झाली, बोलणं असंबद्ध झालं, हिरड्यांतून रक्त आलं तर थेट रुग्णालय. जाताना बाटली, पुडी, उरलेला पाला जे असेल ते सोबत न्यावं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद 1800-180-3024 या सरकारी निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. तिथे औषधाचं नाव, बॅच क्रमांक, किती दिवस घेतलं आणि त्रास कधी सुरू झाला, एवढं सांगता यायला हवं.