जीवाणूंचा धागा, विषाणूंची वाट

औषधांना दाद न देण्याची ताकद एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, त्यात एका अतिसूक्ष्म तंतूचा मोठा वाटा असतो. त्याच तंतूवरून काही विषाणू जीवाणूत शिरतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणसारख्या दाट औद्योगिक पट्ट्यात या तंतूची ओळख असणं गरजेचं आहे.

पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. दुसऱ्याच वर्षी इथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं आणि परदेशातून येणारं हे औषध देशातच मिळण्याची सोय झाली. याच कंपनीत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ते तयार करणाऱ्या जीवाणूला पिंपरीच्या नावावरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना म्हणतात.

पेनिसिलीनची ताकद त्याच्या रेणूतल्या चार अणूंच्या कड्यात असते. जीवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या विकरांना हे कडं निकामी करतं. मात्र ते तोडणारी विकरं काही जीवाणूंकडे आधीपासून होती. पेनिसिलीन सर्रास वापरात येण्याआधीच, 1940 मध्ये, अब्राहम आणि चेन यांनी असं विकर नोंदवलं होतं. भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या जीवाणूत 2008 मध्ये सापडलेलं एनडीएम-1 हे विकर तर कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांचंही कडं तोडतं. त्याचा जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या गोलाकार डीएनएवर असतो. त्यामुळे तो एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकतो.

देवाणघेवाण कशी होते?

जीवाणू एकमेकांना जनुकं देतात, हे 1946 मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी ई. कोलाय या जीवाणूवरच्या प्रयोगांतून दाखवलं. या क्रियेला संयुग्मन म्हणतात. त्याची सुरुवात करतो तो हाच तंतू, म्हणजे पिलस. एफ नावाच्या प्लाझ्मिडचा पिलस जेमतेम आठ नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका. लांबी मात्र जीवाणूच्या शरीराच्या कित्येक पट होऊ शकते. प्रथिनांच्या कणांपासून तो पेशीच्या पृष्ठभागावर उभारला जातो. शेजारच्या जीवाणूला त्याचं टोक लागलं, की पोहऱ्याचा दोर ओढावा तसा तो आत ओढला जातो आणि दोन्ही पेशी एकमेकींना भिडतात. मग प्लाझ्मिडचा एक पदर कापला जातो आणि पेशींमधल्या मार्गातून पलीकडे जातो. दोन्हीकडे त्याचा जोडीदार पदर नव्याने तयार होतो. देणाऱ्याकडचा प्लाझ्मिड शाबूत राहतो आणि घेणाराही पुढे देण्यास सज्ज होतो. दूर असलेल्या पेशींमध्ये लांबलेल्या पिलसमधूनच डीएनए जाऊ शकतो, असंही अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे.

याचे परिणाम जपानने 1950 च्या दशकात अनुभवले. आमांशाचे जीवाणू एकाच वेळी चार-चार औषधांना जुमानेनासे झाले. हा प्रतिकार ते आतड्यातल्या ई. कोलायशी देवाणघेवाण करून पसरवू शकतात, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.

तोच तंतू, शत्रूचा रस्ता

हाच पिलस जीवाणूची दुखरी जागाही आहे. एमएस2 हा छोटा विषाणू एफ पिलसच्या कडेला चिकटतो. पिलस आत ओढला जाताना विषाणूही पेशीजवळ पोचतो आणि आपला आरएनए आत सोडतो. एम13 पिलसचं टोक पकडतो. ज्याच्याकडे पिलस नाही, त्याला हे विषाणू सहसा गाठू शकत नाहीत. पीआरडी1 हा विषाणू तर काही ठरावीक प्लाझ्मिड असलेल्या जीवाणूंवरच हल्ला करतो, कारण त्याला पकड मिळते ती प्लाझ्मिडने उभारलेल्या यंत्रणेवर.

2011 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी याचाच उपयोग केला. प्रतिकाराचे प्लाझ्मिड असलेल्या जीवाणूंवर त्यांनी पीआरडी1 सोडला. वाचलेल्या बहुतेक जीवाणूंनी प्लाझ्मिडच गमावला होता आणि ते औषधाला पुन्हा बळी पडू लागले. प्रतिकार टिकवलेल्यांपैकी बहुतेकांची तो दुसऱ्याला देण्याची क्षमता गेली. याला मर्यादा आहेत. प्रत्येक विषाणू प्रत्येक पिलसवर चालत नाही, आणि परिसरात औषधाचा अंश असेल तर प्लाझ्मिड सांभाळणंच जीवाणूच्या फायद्याचं ठरतं.

सांडपाण्याचा प्रश्न

म्हणून प्रश्न आपल्या दारात येतो. रुग्णालयं, घरं आणि कारखाने यांच्या सांडपाण्यात प्रतिकारक जीवाणू, औषधांचे अंश आणि दाट गर्दी, तिन्ही एकत्र येतात. 2011 मध्ये दिल्लीच्या साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या काही नमुन्यांत एनडीएम-1चा जनुक आढळला होता. पवना आणि इंद्रायणीच्या काठी वस्ती आणि कारखाने झपाट्याने वाढले, पण सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही. इंद्रायणीवरचा फेस आळंदीला आलेल्या प्रत्येक वारकऱ्याला दिसतो. पाण्यातला प्लाझ्मिड मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि तो जास्त दूर जातो.

पीआरडी1सारख्या विषाणूंवर संशोधन व्हायलाच हवं. पण त्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. रुग्णालयाच्या सांडपाण्यावर तिथेच वेगळी प्रक्रिया झाली, महापालिका आणि एमआयडीसीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यातले प्रतिकारक जीवाणू नियमित तपासले, आणि सर्दी-खोकल्याला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेणं आपण थांबवलं, तर पिलसला देण्यासारखं कमी उरेल. औषधाची ताकद ही सगळ्या गावाची ठेव आहे. ती एका घराने उधळली, तर शेजारच्या घरातल्या रुग्णाला वेळेवर औषध लागू पडत नाही.