'कन्व्हल्शन' : रोग की लक्षण?

जुन्या लंडनच्या मृत्यूनोंदी चाळायचा मला नाद आहे. काल पुन्हा 'कन्व्हल्शन' दिसलं. म्हणजे झटके, आकडी. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उपटून काढणे, हिसडणे.

१७व्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूची कारणं छापली जात. कारण ठरवायला डॉक्टर नव्हे, नेमलेल्या वयस्क बायका घरोघरी जात. तान्हं बाळ आचके देत गेलं, की 'कन्व्हल्शन'! मग मुळात ताप असो वा धनुर्वात.

हा शब्द मृत्यूनोंदींपुरताच नव्हता. पॅरिसमध्ये सँ-मेदार दफनभूमीतल्या एका थडग्यापाशी भाविकांना झटके येत. त्यांना 'कन्व्हल्शनेअर' म्हणत. १७३२मध्ये राजाज्ञेने ती दफनभूमी बंद झाली.

भूकंप आणि राजकीय उलथापालथीलाही हाच शब्द लागला.

जुन्या नोंदीत तो दिसला, तर निदान समजू नका. ते लक्षण आहे.