पहाटेच का उठतो दमा?

थंडीचे दिवस आले की आपल्या सीमाभागात पहाटे पहाटे घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. मराठी घरात ‘दमा उठला’ म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात ‘उब्बस’. दोन्हीकडे बोल लावला जातो तो धुक्याला, नाहीतर रात्री खाल्लेल्या दह्याला. थंड हवेचा त्रास होतो हे खरेच; पण पहाटेच्या वेळेमागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या शरीरातच आहे.

मी इतिहास शिकवतो. या विषयाची गोडी लागली ती सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यामुळे. ते स्वतः दमेकरी. १६९८ साली त्यांनी दम्यावर ग्रंथ लिहिला आणि पहिली झोप झाल्यावर, रात्री एक-दोनच्या सुमारास धाप लागते, असे नोंदवून ठेवले.

आपली फुप्फुसे दिवसभर सारख्या ताकदीने चालत नाहीत. दुपारी चारच्या सुमारास श्वासनलिका सर्वांत मोकळ्या असतात, तर पहाटे चारच्या सुमारास सर्वांत आकसलेल्या. रात्री शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके कमी होतात आणि नलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर वाढतो. निरोगी माणसात हा फरक थोडा असतो, त्याला जाणवतही नाही. दमेकऱ्याच्या नलिका आधीच सुजलेल्या. त्याला मात्र उठून बसावे लागते.

हा झोपेचा परिणाम की शरीरातील घड्याळाचा? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात १७ दमेकऱ्यांना मंद प्रकाशात, सारख्याच परिस्थितीत, सलग ३८ तास जागे ठेवून तपासले. झोप नसतानाही रात्री श्वास मंदावलाच. घड्याळाचा वाटा त्यातून स्पष्ट झाला.

यात एक व्यवहाराची गोष्ट दडली आहे. आपण डॉक्टरांकडे जातो दिवसा, फुप्फुसे मोकळी असताना. तपासणी चांगली येते, घरचे म्हणतात, ‘बघा, काही नाही तुम्हाला!’ आणि पंप कपाटात जातो. यावर साधा उपाय म्हणजे पीक फ्लो मीटर. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, औषध घेण्यापूर्वी, तीन-तीन फुंका मारून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. समजा सकाळी ३२० आणि संध्याकाळी ४०० आले; फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे सुमारे २२ टक्के. दोन आठवड्यांच्या नोंदींत मोठ्या माणसाचा हा रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त येत असेल, तर वही डॉक्टरांना दाखवावी. औषधाची वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नये.

आणि घरातल्या आजी-आजोबांना एक विनंती. रात्री धापेमुळे सलग वाक्य बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा पंपाने आराम पडेना, तर ‘उजाडू दे, मग बघू’ म्हणू नका. मुलाला, सुनेला तेव्हाच उठवा आणि दवाखाना गाठा.