गुंगी म्हणजे वेदनामुक्ती नव्हे

मंडळी, मी जनावरांचा डॉक्टर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण माळेगावात हंगाम सुरू झाला, उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघाल्या, की एक जुना प्रश्न मनात येतो: ज्याला बोलता येत नाही, त्याला दुखतंय की नाही हे कसं ओळखायचं?

उदाहरण घेऊ. बैलाला शिंगाचा कर्करोग होतो. मग शिंग मुळापासून काढावं लागतं. त्याआधी गुंगीसाठी बहुधा झायलाझिन टोचतात. हे औषध 1962 साली जर्मनीत बायर कंपनीने शोधलं. मेंदूच्या बुंध्याशी जागेपण राखणारं एक लहानसं केंद्र आहे. तिथल्या पेशी नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात, म्हणून प्राणी सावध राहतो. रसायन पुरेसं झालं की त्या पेशी स्वतःलाच ब्रेक लावतात. झायलाझिन नेमका तोच ब्रेक दाबतं. मान खाली जाते, लाळ गळते, बैल बसतो.

गाय-बैलांना हे औषध फार लवकर चढतं. घोड्याला किलोमागे जेवढं लागतं, त्याचा साधारण दहावा भाग त्यांना पुरतो. पोटाची हालचाल मंदावते, वायू अडकतो, पोट फुगतं. म्हणून ठरवून शस्त्रक्रिया करायची तर जनावर आधी उपाशी ठेवतात, आणि गुंगीत कुशीवर पडू न देता छातीवर बसतं ठेवतात. गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत हे देणं टाळतात.

आता मूळ मुद्दा. बैल शांत बसला. पण त्याला दुखत नाही का? झायलाझिनने वेदना थोडी बोथट होते, तीही थोडा वेळ. शिंग कापायला ते पुरत नाही. म्हणून डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं मूळ यांच्यामधल्या मज्जातंतूपाशी लिग्नोकेन टोचतात. वेदनेचा निरोप मग मेंदूपर्यंत जातच नाही. म्हणजे एक औषध बैलाला शांत करतं, दुसरं त्याची वेदना थांबवतं. कामं दोन आहेत.

सतराव्या शतकात देकार्त प्राण्यांना यंत्रासारखं मानत होता. आज आपण तसं म्हणत नाही. पण जनावर हललं नाही की त्याला काही होत नाही, असं सहज धरून चालतो. तेव्हा पुढच्या वेळी गोठ्यात दोन गोष्टी करा. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर गलका करू नका. बिथरलेल्या जनावरावर औषध नीट चढत नाही, आणि गुंगीतलं जनावरही दचकून लाथ मारतं. दुसरं, डॉक्टरांना विचारा: "साहेब, गुंगी दिली, पण जागा बधिर केली ना?" बैलाला हे विचारता येत नाही. ते आपणच विचारायचं.